बुटक्या मोटारीचे मोठे चाक



लहान मोटारगाडीच्या स्प्रिंगा आखूड करून तिचे अंग जमिनीच्या जवळ आणावयाचे आणि मग तिला कारखान्याने दिलेल्या चाकांहून मोठी, रुंद व चकचकीत चाके बसवावयाची, हा छंद आज शहरोशहरी दृष्टीस पडतो. पुष्कळांना तो निव्वळ पोरखेळ वाटतो. ज्यांना तो जडला आहे त्यांना मात्र ती एक कलाच वाटते. या दोन पक्षांचा निवाडा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु चाक निवडण्याचा हा प्रश्न वाटतो तितका आजकालचा नाही. त्याच्या मागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास ठाऊक असला, तर दुकानात मांडून ठेवलेल्या चाकांपैकी कोणते घ्यावे व कोणते सोडून द्यावे, हे बरेचसे आपोआप उमगते.

प्रथम आपल्या परिचयाच्या बैलगाडीच्या चाकाकडे पाहू. मध्यभागी तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती लाकडी वर्तुळ आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. या चाकात हवेला कोठेही जागा नाही. रस्त्याचा प्रत्येक धक्का धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून आखात व आखातून थेट बसणाऱ्याच्या पाठीत जातो. त्यावर त्या काळी एकच उपाय हाती होता, तो म्हणजे चाक मोठे करणे. मोठे वर्तुळ लहान खड्ड्यात पुरते उतरत नाही व धोंड्यावरून सहज चढून जाते. चाकाच्या मोठेपणाचा पहिला उपयोग हा असा होता. तो शोभेसाठी नव्हे, रस्त्यापासून संरक्षण मिळावे म्हणून होता. आरंभीच्या मोटारींनी हाच वारसा उचलला. १९०८ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या प्रसिद्ध गाडीचे चाक टायरसह ३० इंच व्यासाचे होते आणि त्याचे आरे लाकडाचेच होते.

मध्यंतरी चाकात एक नवा भागीदार शिरला होता. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले होते. पण त्या काळाला तिची गरज भासली नाही आणि ती कल्पना विस्मृतीत गेली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी रबरी नळीत हवा भरून तीच युक्ती पुन्हा शोधली. १८९५ साली मिशलिन बंधूंनी पॅरिसहून बोर्दो व तेथून परत पॅरिस, अशा शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार पळविली. वाटेत त्यांचे टायर वारंवार निकामी झाले, तथापि मोटारीने हवेवर बसून धावणे शक्य आहे, हे सिद्ध झाले.

तेव्हापासून मोटारीच्या चाकाचे दोन वाटे पडले. एक धातूचा व एक हवेचा. बाहेरचे वर्तुळ जेवढ्यास तेवढे ठेवून आतला धातूचा वाटा वाढविला, तर हवेचा वाटा तेवढाच घटतो. आज ज्याला आपण मोठे चाक म्हणतो, ते बहुधा मोठे चाक नसतेच. ती धातूच्या वाट्याची वाढ असते. माझ्या आजच्या सांगण्याचे सार या एका गोष्टीत आहे आणि पुढील सारा इतिहास तिच्याच आधाराने समजून घेता येईल.

टायरच्या अंगावर जी संख्या ठसविलेली असते, तीत या वाटपाचा सगळा हिशेब लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, १७५/७० आर १३. यातील १७५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० हे शेकडा प्रमाण. म्हणजे टायरची रस्त्यापासून रिमपर्यंतची उंची रुंदीच्या शेकडा ७०, अर्थात १२२.५ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, ज्या टायरच्या आतील धागे आडव्या कमानींसारखे काठापासून काठापर्यंत सरळ गेलेले असतात. असा टायर मिशलिन कंपनीने १९४९ साली प्रथम बाजारात आणला. आणि शेवटचे १३ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. तेव्हा १३ इंचांचे ३३०.२ मिलिमीटर आणि वरखालच्या दोन उंचींचे २४५, मिळून संपूर्ण चाक सुमारे ५७५ मिलिमीटरचे झाले. बेरीज व गुणाकार जाणणाऱ्या कोणालाही हा हिशेब करता येतो आणि चाक विकत घेण्यापूर्वी तो प्रत्येकाने करावा.

आता लहान मोटारीच्या इतिहासाकडे वळू. १९५६ साली सुएझचा पेचप्रसंग उद्भवला, इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली आणि कमी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी निर्माण करण्याचे काम अलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे आले. १९५९ साली त्यांची ‘मिनी’ बाहेर पडली. गाडीची लांबी अवघी १० फूट. तथापि तीत चार माणसे नीट बसावीत, असा त्यांचा आग्रह होता. मोटारीत चाकांच्या कमानी पुष्कळ जागा खातात. म्हणून त्यांनी डनलॉप कंपनीकडून केवळ १० इंच रिमची चाके मुद्दाम करवून घेतली. एवढे लहान चाक त्या काळी नवलाचे होते. येथे चाकाने माणसांसाठी जागा सोडली.

परंतु लहान चाकाने एक अडचण उभी केली. ब्रेक हा चाकाच्या पोटात बसतो. पोटच लहान, तर ब्रेक मोठा कोठून येणार? १९६१ साली ‘मिनी कूपर’ ही वेगवान गाडी निघाली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांत जेमतेम ७ इंच व्यासाच्या ब्रेकच्या तबकड्या मावल्या. पुढे १९८४ साली मिनीला १२ इंची चाके मिळाली आणि त्याबरोबर तबकड्या ८.४ इंचांच्या झाल्या. तिच्या अखेरच्या वर्षांत रुंद मडगार्डांखाली १३ इंची चाकेही कारखान्यातूनच बसवून मिळू लागली. हिशेब करून पाहा: १० इंची रिमवरील १४५/८० मापाचे चाक ४८६ मिलिमीटरचे होते, तर १३ इंची रिमवरील १७५/५० मापाचे चाक ५०५ मिलिमीटरचे भरते. रिम ७६ मिलिमीटरने वाढला, पण संपूर्ण चाक केवळ १९ मिलिमीटरने. उरलेले ५७ मिलिमीटर हवेच्या वाट्यातून कापून घेतले गेले. मधले जे १४५/७० आर १२ हे माप, ते आपल्याकडील मारुती ८०० गाडीमुळे लाखो भारतीय घरांच्या ओळखीचे झाले, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

धातूचा वाटा वाढावयाचा, तर तो धातू हलका असला पाहिजे. कारण चाकाचे ओझे स्प्रिंगवर नसते, ते स्प्रिंगच्या खाली, रस्त्याच्या बाजूला असते. जड चाक उसळले की त्याला पुन्हा रस्त्यावर दाबून धरणे स्प्रिंगला कठीण जाते. शर्यतीच्या लोकांना हे फार लवकर कळले. १९२४ साली फ्रान्समध्ये लियों येथील शर्यतीत एतोर बुगाती यांच्या ‘टाइप ३५’ गाड्या ओतीव ॲल्युमिनियमच्या आठ आऱ्यांच्या चाकांवर उतरल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडात मॅग्नेशियमची ‘मिनिलाइट’ चाके मिनी गाड्यांना शोभू लागली. जर्मनीत शिल्टाख या गावी १९७० साली बाउमगार्टनर व ब्रांड या दोघांनी एक व्यवसाय काढला. त्यांची व गावाची आद्याक्षरे मिळून ‘बीबीएस’ हे नाव झाले. तीन तुकडे बोल्टांनी जोडून केलेले त्यांचे चाक शर्यतीत नावाजले गेले. कारण त्यात मधला भाग तोच ठेवून बाहेरचे तुकडे बदलले की रुंदी हवी तशी करता येई. मात्र लक्षात असू द्या की, हलक्या धातूचे प्रत्येक चाक हलकेच असते असे नाही. आकाराने फार वाढलेले ओतीव चाक मूळच्या लहान पोलादी चाकाहून जड भरू शकते. चाक घेताना दुकानदाराच्या तराजूवर ते ठेवून पाहण्यास संकोच करू नये.

आणि आता या कथेची नायिका. १९७४ साली फोक्सवॅगन कंपनीची ‘गोल्फ’ ही गाडी आली. तिची आकृती इटलीचे जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखली होती. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिची वेगवान आवृत्ती ‘जीटीआय’ लोकांपुढे आली व पुढील वर्षी ती विक्रीस निघाली. तिची मूळची चाके तीच, ज्यांचा हिशेब आपण वर केला: १७५/७० आर १३. पण त्याच दशकात पिरेली कंपनीने ‘पी-७’ नावाचा फार बसका, रुंद टायर शर्यतीच्या गाड्यांसाठी काढला होता. टायरची भिंत बुटकी झाली की वळणावर ती कमी लचकते आणि सुकाणू फिरविताच गाडी तत्काळ वळते, हा त्यातील गुण. तो गुण साध्या गाड्यांनाही हवासा वाटू लागला. १९८३ साली पिरेलीच्याच नावाने गोल्फ जीटीआयची एक खास आवृत्ती निघाली, ती १४ इंची चाकांवर. छंदिष्ट त्याही पुढे १५ इंचांवर गेले.

ही चढती भाजणी पाहा. १७५/७० आर १३ चे चाक ५७५ मिलिमीटर, १८५/६० आर १४ चे ५७८ आणि १९५/५० आर १५ चे ५७६. बाहेरचे वर्तुळ जवळजवळ जागच्या जागी आहे. रिम मात्र दोन इंचांनी वाढला. रिम एका इंचाने वाढवावा, रुंदी १० मिलिमीटरने वाढवावी आणि उंचीचे शेकडा प्रमाण १० ने उतरवावे, हा कारागिरांचा साधा नियम येथे दिसतो. यापुढे जाऊन कोणी त्या गाडीला २०५/४० आर १७ हे चाक लावले, तर काय होते? चाक ५९६ मिलिमीटरचे होते, म्हणजे मूळच्याहून शेकडा ३.६ मोठे. वेगदर्शक काटा ताशी १०० किलोमीटर दाखवील, तेव्हा गाडी १०३ च्या वर धावत असेल. रिमच्या खाली आता १२२ ऐवजी केवळ ८२ मिलिमीटर टायर उरला. खड्ड्याची धार लागली तर ती झेलण्यास एक तृतीयांश हवा कमी झाली आणि मग जे पिचते ते रबर नव्हे, रिम होय. नियम १५ इंचांवर का थांबला, याचे उत्तर मडगार्डखालील या मोजमापात आहे.

गाडी खाली बसविली की हा प्रश्न दुप्पट बिकट होतो. चाकाच्या माथ्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत जी मोकळी जागा असते, ती रिकामी दिसली तरी निरुपयोगी नसते. धक्का बसला की चाक वर उचलले जाते, त्याला ती जागा लागते. गाडी ४० मिलिमीटरने खाली आणली, तर तेवढी जागा गेली. त्यात चाकाची त्रिज्या १० मिलिमीटरने वाढली, तर आणखी तेवढी गेली. मिळून ५० मिलिमीटरचा खर्च झाला. ज्याला बुटकी गाडी व मोठे चाक ही दोन्ही एकदम हवी असतात, तो एकाच पिशवीतून दोनदा पैसे काढीत असतो. स्प्रिंगा कापून हे काम करणारे त्या पिशवीत किती शिल्लक आहे, ते मोजतही नाहीत. आखूड पण कठीण, त्या कामासाठीच बनविलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे धक्काशोषक घेतले, तर उरलेल्या थोड्या जागेत चाकाला आवर घालता येतो.

खाली बसविलेल्या गाड्यांचा इतिहास सांगताना अमेरिकेचा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. लॉस एंजेलिसच्या परिसरातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोठ्या गाड्या अगदी जमिनीलगत आणून त्या संथपणे मिरविण्याची प्रथा पाडली. १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बंधन घातले की, गाडीत बदल करून तिचा कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेहून खाली आणता कामा नये. रिमचीच कड प्रमाण म्हणून का? कारण टायरमधील हवा गेली तर गाडी रिमवर येते आणि त्या वेळी तिचा सांगाडा रस्त्यावर आपटता कामा नये. यावर रॉन अग्विरे नावाच्या तरुणाने १९५९ साली विमानाच्या हायड्रॉलिक पंपांची योजना करून आपली गाडी हवी तेव्हा वर-खाली करण्याची सोय केली. पोलीस दिसला की गाडी उंच व्हावी! ते बंधन पुढे सहा दशकांहून अधिक काळ टिकले व १ जानेवारी २०२४ पासून उठले. पण कायदा गेला तरी त्यातले शहाणपण गेले नाही. आणि त्यातील एक गंमत पाहा: बाहेरचे वर्तुळ तेच ठेवून रिम मोठा केला, की रिमची खालची कड रस्त्याच्या अधिक जवळ येते. १३ इंची चाकात ती १२२ मिलिमीटरवर होती, १५ इंची चाकात ती ९७ वर आली. म्हणजे मोठा रिम घेणारा मनुष्य सुरक्षिततेची ती रेषाच खाली ओढीत असतो.

युरोपात या छंदाचे तीर्थस्थान ठरले ते ऑस्ट्रियातील वोर्थरझे सरोवराकाठचे राइफनिट्झ हे खेडे. १९८२ साली तेथे गोल्फ जीटीआयच्या चाहत्यांचा एक लहानसा मेळा भरला. तो वर्षानुवर्षे वाढत जाऊन लाखाच्या वर माणसे तेथे लोटू लागली. १९८७ साली तर गावात ग्रॅनाइटची एक अख्खी गोल्फ कोरून उभी केली गेली. गर्दी, गोंगाट व धूर यांचा स्थानिकांना झालेला त्रासही तेवढाच मोठा होता. २०१९ नंतर तो मेळा त्या रूपात भरला नाही आणि २०२४ साली कंपनीने वोल्फ्सबुर्ग या आपल्या गावी नवा मेळा भरविला. परंतु जर्मनीतील या छंदाची एक गोष्ट आपण घेण्याजोगी आहे. तेथे निराळे चाक वा आखूड स्प्रिंग बसविली, तर त्या वस्तूबरोबर तिच्या परीक्षणाचा दाखला असावा लागतो आणि आवश्यक तेथे अधिकृत तज्ज्ञाकडून तपासणी होऊन गाडीच्या कागदपत्रांत तशी नोंद व्हावी लागते. हौस आहे, पण ती मोजून घेतलेली हौस आहे.

मोजावयाच्या गोष्टी तरी किती? व्यासाचा हिशेब आपण केलाच. दुसरी गोष्ट बोल्टांची. जुन्या गोल्फचे चार बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात व मधले भोक ५७.१ मिलिमीटरचे असते. भोक मोठे असेल तर योग्य मापाचे कडे घालून ते हबवर घट्ट बसवावे लागते. अन्यथा चाक मध्यावर न बसता थरथरते. तिसरी गोष्ट चाकावर ‘ईटी’ या अक्षरांनी दाखविलेली असते. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील हे अंतर होय. समजा, साडेपाच इंच रुंदीच्या जागी साडेसात इंच रुंदीचा रिम घेतला. ईटी तीच असेल तर रिम आत २५ व बाहेर २५ मिलिमीटर सरकतो. ईटी ३८ वरून २८ वर आली, तर तो बाहेर ३५ व आत १५ मिलिमीटर जातो. आत फार गेला तर तो धक्काशोषकाला घासतो. बाहेर फार आला तर मडगार्ड टायर कापते आणि चाकाच्या बेअरिंगवर नको तो ताण येतो. चौथी गोष्ट भारांकाची. टायरवर ८२ हा अंक असेल, तर तो ४७५ किलो भार पेलतो. नव्या टायरचा भारांक मूळच्याहून कमी असता कामा नये. पाचवी गोष्ट, गाडी खाली आणल्यावर चाकांचे कोन बदलतात आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घेतलीच पाहिजे.

आपल्या देशाशी या इतिहासाचा संबंध दूरचा नाही. गोल्फचीच धाकटी बहीण ‘पोलो’ ही पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात २००९ पासून २०२२ पर्यंत तयार होत असे आणि आपल्याकडील पुष्कळ छंदिष्टांची हौस तिच्यावरच भागली. या गाडीच्या साध्या आवृत्तीला १७५/७० आर १४ व वरच्या आवृत्तीला १८५/६० आर १५ हे माप होते. हिशेब केला तर पहिले चाक ६०१ आणि दुसरे ६०३ मिलिमीटरचे. खुद्द कारखान्याने रिम एका इंचाने वाढविला, परंतु वर्तुळ ढळू दिले नाही. ज्याला उत्तम उदाहरण हवे असेल, त्याने ते दूर शोधण्याचे कारण नाही.

आपले रस्ते मात्र निराळे आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, अशा सौम्य चढाचा असावा; प्रत्यक्षात तो कसा असतो, हे मी सांगण्याची गरज नाही. पहिल्या पावसानंतर डांबराची काय अवस्था होते, तेही आपण जाणता. जर्मन महामार्गावर शोभणारे हवेचे अल्प प्रमाण येथे टिकणारे नाही. शिवाय कायद्याचाही विचार हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होतील, असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. म्हणून कारखान्याने आपल्या गाडीच्या कोणत्याही आवृत्तीला मान्य केलेले सर्वांत मोठे माप हीच शहाण्या माणसाची मर्यादा होय.

एखाद्या तरुणाला आपली गाडी देखणी असावी असे वाटले, तर त्यात मला गैर काही दिसत नाही. बैलांची शिंगे रंगविणारा व गाडीच्या साटीवर नक्षी काढून घेणारा आपला शेतकरीही तेच करीत आला. परंतु तो धाव बसविताना कधी अंदाजाने बसवीत नसे; सुताराने व लोहाराने माप घेतल्यावाचून चाक आखात जात नसे. हवेचा वाटा १८८८ पासून आपल्या पाठीचे, रिमचे व रस्त्यावरील इतरांच्या जिवाचे रक्षण करीत आला आहे. त्यातून किती काढून शोभेला द्यावयाचे, हे प्रत्येकाने आपल्या रस्त्याकडे पाहून ठरवावे. मात्र ठरविण्यापूर्वी हाती कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्यावी, एवढेच मला सुचवावयाचे आहे.